कमरेला रुमाल बांधण्याआधी

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भेटसेवेत मला अकरा वर्षं झाली. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांकडे जायचं आणि पडेल ते काम करायचं, एवढंच या सेवेचं स्वरूप. दरवर्षी नवी तरुण मंडळी येतात. महिना-दोन महिने झाले की त्यांतलं कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, माझा हेतू शुद्ध आहे हे मला कसं कळायचं?" हा प्रश्न मलाही छळत होता. त्यापायी मी सेवा सोडायच्या बेतात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मला एक आजोबा नेमून दिले होते. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली होती. मी जायची, स्तोत्र वाचायची, प्रार्थना करायची आणि निघायची. चौथ्या की पाचव्या भेटीत त्यांनी न बोलता चादर बाजूला सारली. पायाची नखं वाढून जाड, पिवळी झाली होती आणि अंगठ्याचं नख वळून मांसात रुतलं होतं. त्यांना वाकता येत नव्हतं, आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. इतके दिवस मी त्यांच्या उशाशी बसून वचन वाचत होते आणि त्यांचं सगळं लक्ष त्या अंगठ्यात अडकलेलं होतं.

मी कोमट पाणी आणलं, पाय बुडवून ठेवले. नखं मऊ झाल्यावर एकेक करून, थोडी थोडी, सरळ कापली. (मधुमेह असेल किंवा पाय बधिर असतील तर हे आपण करायचं नाही, नर्सला किंवा डॉक्टरांनाच करू द्यायचं. पाणी आधी आपल्या कोपरानं तपासायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.) पाऊण तास लागला. शेवटचं नख जरा दुखलं तर आजोबा माझ्यावर खेकसले. आभाराचा शब्द नाही. घरी जाताना मला रडू आलं, आणि त्या रडण्यातूनच उमगलं की मी जाताना मनात काहीतरी मोबदला धरून गेले होते.

त्या रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. प्रभू येशू जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले; पेत्र आधी नको म्हणाला, तरी त्याचेही. हे आपल्याला पाठ असतं. पण त्या बारा जोड्या पायांत प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचे पाय होते, आणि तो काय करणार हे प्रभूला ठाऊक होतं, याच्यावर मी कधी थांबलेच नव्हते. यहूदा बाहेर पडतो तो पाय धुऊन झाल्यावर.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट सापडली. आधी शेतातून दमून आलेल्या दासाचा दाखला येतो: सगळं सांगितलेलं केल्यावरही म्हणा की आम्ही केवळ आमचं कर्तव्य केलं. लगेच पुढे दहा कुष्ठरोगी येतात आणि एकटाच परत फिरतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला. प्रभू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? म्हणजे न आलेल्यांची उणीव त्यालाही जाणवली. पण त्या नऊ जणांचं बरेपण त्यानं काढून घेतलं नाही. कृतघ्नपणा बोचला तर आपला हेतू खोटाच असला पाहिजे, असं मी धरून चालले होते. तसं नाही. बोचू द्या, पण पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी त्याच दारात उभे राहा. हेतू घरी बसून तपासत राहिल्यानं शुद्ध होत नाही, माझा तरी झाला नाही. जो थोडाफार झाला तो त्या दारात जाऊन जाऊनच.

आता कामाचं बोलते. जेरीहोजवळ आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवं असेल हे कुणालाही कळलं असतं, तरी येशूनं विचारलंच: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तुम्हीही विचारा. आणि उत्तर आलं की तेच करा. केस विंचरून हवे असतील तर केस विंचरा. "आज नुसतं बसा, प्रार्थना नको" असं म्हणाले तर नुसतं बसा. मदत घ्यायची असेल तर उपासनेला यावं लागेल, असं सूचित करणारा एक शब्दही तोंडातून जाता कामा नये. तो सौदा होतो, आणि अडलेल्या माणसाशी सौदा करणं मला पाप वाटतं.

दुसरी गोष्ट मी फार कळकळीनं सांगते. पेशंटच्या घरातलं भांडण, कर्ज, आजाराचं नाव, हे त्याला न विचारता प्रार्थना-सभेत "प्रार्थनेचा विषय" म्हणून मांडू नका. हेतू चांगला असतो, पण रविवारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी होतं. एका विधवा बाईंनी याच कारणानं आम्हाला दार उघडणं बंद केलं. फोटोचंही तसंच. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे; तो डावा हात आज मोबाइल धरतो, तो खिशात राहू द्या.

भांडी, हिशेब, औषधांच्या वेळा लिहिणं, ही कामं हलकी समजू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात, यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं, तेव्हा पंक्ती सांभाळायला सात माणसं निवडली, तीही आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण अशी. पुढे ख्रिस्तासाठी पहिला हुतात्मा झालेला स्तेफन त्यांतलाच. त्या अध्यायात वाटपाला आणि वचनाच्या सेवेला ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, दियाकोनिया, म्हणजे सेवा. बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले आणि १८८९ मध्ये त्याच आजारानं तिथेच वारले. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, तर ते करतच, पण जखमा बांधत, घरं उभारत, शवपेट्या बनवत, कबरीही खणत.

आठवड्यातून एक घर घ्या, एकच, आणि ते वर्षभर टिकवा. थकलात तर जबाबदाराला सांगा, सुट्टी घ्या. प्रभूनंही शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला नेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला. मी ज्यांना सेवेत आणलं होतं त्यांतलीच एक मुलगी माझे केस धुवायला आली. "राहू दे गं, मी करीन कसंतरी," असं मी तीनदा म्हटलं. ती बादलीत पाणी काढत म्हणाली, "ताई, पेत्रही असंच म्हणाला होता." मग मी स्टुलावर बसले आणि मान खाली घातली. तिनं आधी आपलं कोपर पाण्यात बुडवून पाहिलं.