रूबीतून विंडोजचे फंक्शन बोलावताना ‘एल’ की ‘पी’?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील एका कारखान्यात तपासणीचा अहवाल काढणारी रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतील जुनी स्क्रिप्ट संगणकाचे नाव छापण्याच्या टप्प्यावर सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतील मनाई असलेल्या जागी हात घातल्याची चूक) देऊन बंद पडत असे. नावासाठी तीत विन३२एपीआय या, रूबीतून विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या लायब्ररीमार्फत गेटकॉम्प्युटरनेमए हे फंक्शन बोलावले होते आणि पॅरामीटरचे, म्हणजे फंक्शनला द्यायच्या मूल्यांचे, प्रकार सांगणारे संकेत ‘पी’ (मेमरीतील पत्ता), ‘एल’ असे दिले होते. दुसरा पॅरामीटर बफरची, म्हणजे नाव लिहून घेण्यासाठी राखलेल्या मेमरीची, लांबी सांगतो, म्हणून ‘एल’ म्हणजे साधी संख्या वरवर योग्यच वाटते. परंतु विंडोजला तेथे ती संख्या जिथे ठेवली आहे त्या जागेचा पत्ता हवा असतो, कारण नावाची प्रत्यक्ष लांबी ते त्याच जागी परत लिहिते. येथे लांबी म्हणून दिलेला २५६ हा आकडाच पत्ता समजला जात होता, आणि मेमरीचे पहिले ६४ केबी विंडोज प्रोग्रॅमला वापरू देत नाही.

दुरुस्तीसाठी दोन्ही संकेत ‘पी’ केले, लांबी पॅक करून (संख्या कच्च्या बाइटांत बदलून) चार बाइटांची स्ट्रिंग म्हणून पाठवली, बफर आधीच शून्य बाइटांनी भरला आणि परत आलेल्या लांबीइतकेच नाव कापून घेतले. बफर अपुरा ठेवून लांबी मात्र मोठी सांगणे मूळ चुकीहूनही वाईट, कारण ती गडबड लगेच दिसेलच असे नाही.

नव्या कामात मात्र विन३२एपीआयऐवजी फिडल ही रूबीची लायब्ररीच वापरावी. ६४-बिट विंडोजवरही ‘एल’ ३२ बिटांचाच राहतो, त्यामुळे पत्ता परत करणाऱ्या फंक्शनला व्हॉइड पॉइंटरचाच (कोणत्याही पत्त्यासाठी चालणारा) प्रकार द्यावा लागतो.