मारिओच्या पहिल्या चार लेव्हल कशा पार कराव्यात

उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर सतरंजी टाकून पिवळ्या कॅसेटवरचा मारिओ खेळणारी पोट्टी विदर्भातल्या खेड्यांत अजून दिसतात. आठवडी बाजारातल्या त्या कॅसेटवर लाखोंनी गेम असल्याचं छापलेलं असतं. आत मात्र मोजकेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. त्यातला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम सगळ्यांत मोलाचा. तो निन्टेंडो कंपनीने १९८५ साली जपानमध्ये आणला, आणि तो रचण्यात शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे मुख्य होते. ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, अशा ३२ लेव्हल त्यांनी अवघ्या ४० केबीत बसवल्या.

या गेममध्ये सेव्ह करण्याची सोय नाही. लाइन गेली की सगळं पुसलं, पुन्हा १-१ पासून, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून, सुरुवात. म्हणून पहिलं वर्ल्ड नीट पाठ असणं फार गरजेचं आहे. इथे लाइफ वाचल्या तरच पुढे काही हाती लागतं, आणि या चार लेव्हलमध्ये नशिबावर सोडावं असं जवळजवळ काहीच नाही.

सुरू करण्याआधी

कॅसेट लागत नसेल, पडद्यावर नुसत्या रेघा येत असतील, तर तिच्यात फुंकू नका. फुंकरीतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि काही दिवसांनी त्या आणखी काळ्या पडतात. कॅसेट बाहेर काढा, काडीला रुई गुंडाळा, स्पिरिटचे दोन थेंब टाका आणि पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. रुईवर काळं येणं थांबलं की झालं. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट परत बसवा. यंत्र चालू असताना ती कधीही काढू किंवा घालू नका.

अडॅप्टर यंत्रावर लिहिलेल्या व्होल्टचाच हवा, आणि पिनेचं प्लस-मायनसही जुळायला हवं. कूलर आणि गेम एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं आणि गेम अडकू शकतो. गेमला वेगळा प्लग द्या.

आता हात. उजव्या अंगठ्याचं टोक बी बटणावर ठेवा आणि त्याच अंगठ्याचा मधला सांधा ए बटणावर येऊ द्या. बी दाबून ठेवलं की मारिओ धावतो, ए दाबलं की उडी मारतो. एकाच अंगठ्याने बी धरून ठेवत ए दाबता येणं, हे या गेमचं अर्धं कौशल्य आहे. ए जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते, आणि पळत असाल तर त्याहून उंच. रिमोटवर टर्बोची जास्तीची दोन बटणं असतात. टर्बो-ए ने उडी मारू नका. ते बटण स्वतःच भराभर दाबलं-सुटलं जातं, त्यामुळे उडी मधेच तुटते आणि मारिओ खड्ड्यात जातो. नवीन मुलं कितीतरी वेळा याच कारणाने मरतात, आणि दोष रिमोटला देतात.

लेव्हल १-१

घड्याळात ४०० असतात, पण ते सेकंद नाहीत. मूळ यंत्रात एक आकडा साधारण ०.४ सेकंदात उतरतो, म्हणजे सगळे मिळून १६० सेकंद. आपल्याकडे चालणारी बरीच यंत्रं पाल टीव्हीसाठीची, सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवणारी असतात. त्यांवर गेम थोडा संथ चालतो आणि हाच वेळ १९२ सेकंदांपर्यंत जातो. शिकणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं. १०० च्या खाली आलं की संगीत वेगाने वाजायला लागतं. १-१ मध्ये ते ऐकू आलं तर तुम्ही कुठेतरी फार रेंगाळलात.

समोरून पहिला गुंबा, म्हणजे चालत येणारा तपकिरी शत्रू, येतो. त्याच्या डोक्यावर उडी मारा, बाजूने शिवू देऊ नका. मग वीट, प्रश्नचिन्ह, वीट, प्रश्नचिन्ह, वीट अशी रांग लागते. यातल्या डावीकडच्या प्रश्नचिन्हात मशरूम आहे, बाकीच्यांत नाणी. मशरूम बाहेर येऊन उजवीकडे सरकतं, खाली पडतं, पहिल्या पाइपला धडकतं आणि उलटं फिरून तुमच्याकडे येतं. नवखा खेळाडू त्याला शत्रू समजून पळू पाहतो. उभं राहा आणि त्याला अंगाला लागू द्या. मारिओ मोठा झाला की तो विटा फोडू शकतो आणि एक मार सहन करतो. रचणाऱ्यांनी ही जागा अगदी विचार करून बांधली आहे. वर विटा, समोर पाइप, त्यामुळे मशरूम टाळायचं म्हटलं तरी सहज टळत नाही, आणि खेळणारा काही न सांगता शिकतो.

पुढे चार पाइप आहेत, पहिले तीन क्रमाने उंच होत जाणारे आणि चौथा तिसऱ्याएवढाच. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक गुंबा, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे दोन. पाइपवरून लगेच खाली उडी टाकू नका. वर थांबा, गुंबा पाइपला धडकून परत फिरू द्या, मग त्याच्या पाठीवर उतरा. या लेव्हलमधल्या पाइपांतून मांसाहारी झाड निघत नाही, म्हणून वर बिनधास्त उभं राहता येतं.

चौथ्या पाइपवर आलात की एक निर्णय घ्यावा लागतो. तिथे उभं राहून खाली दाबलं तर मारिओ तळघरात जातो. तिथे १९ नाणी आहेत, आणि तिथला पाइप थेट लेव्हलच्या शेवटाजवळ काढतो. वाटेतले तिन्ही जीवघेणे खड्डे त्यात टळतात. पण पाइपच्या पुढेच एक न दिसणारा ठोकळा आहे, आणि त्यात हिरवं मशरूम म्हणजे एक पूर्ण लाइफ आहे. नाण्यांतून एक लाइफ मिळवायला १०० लागतात, तेव्हा १९ नाणी म्हणजे लाइफचा पाचवा हिस्साही नाही.

तो ठोकळा सापडतो असा: पहिल्या खड्ड्याच्या कडेपासून मागे मोजत या. जमिनीवर चौकोनांच्या खुणा दिसतात. चार घरं सोडा, पाचव्या घरात उभं राहून सरळ वर उडी मारा. ठोकळा दिसला की लगेच दोन-तीन घरं उजवीकडे सरका. मशरूम उजवीकडेच पडतं आणि थेट खड्ड्याकडे निघतं. नुसतं बघत राहिलात तर ते डोळ्यांदेखत खड्ड्यात जातं. दुसरी गोष्ट, या गेममध्ये पडदा मागे सरकत नाही. मशरूमच्या मागे उजवीकडे गेलात की चौथा पाइप डाव्या कडेबाहेर गेलाच समजा. म्हणून आधीच ठरवा. पहिल्या काही दिवसांत खड्ड्यांची भीती असेल तर पाइप घ्या. उडी हातात बसली असेल तर लाइफ सोडू नका.

लाइफ घेऊन वरच्या वाटेने गेलात तर पहिला खड्डा दोन घरांचा आहे आणि दुसरा तीन घरांचा. दुसऱ्याच्या आधी कडेला थांबून उडी मारण्यापेक्षा बी धरून पळत या. दुसऱ्या खड्ड्यापलीकडे एक एकटी वीट आहे आणि तिच्या बरोबर वर प्रश्नचिन्ह. ती वीट न थांबता ठोकत राहा, एकामागून एक नाणी निघतात. तिथून थोडं पुढे दोन विटा शेजारी शेजारी आहेत, त्यांतल्या उजवीकडच्या विटेत चांदणी आहे. चांदणी उड्या मारत पुढे पळते. ती मिळाली की काही सेकंद शत्रूला नुसतं शिवलं तरी तो मरतो, पण खड्डा तेव्हाही मारतोच.

मग पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे. तिथे पडलात तर पुन्हा चढून बाहेर निघा. दुसऱ्या जोडीच्या मधे मात्र खड्डा आहे. दोन्ही सारख्याच दिसतात, आणि पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा बेफिकीर राहणारा तिथेच लाइफ घालवतो.

शेवटची उंच पायरी चढताना बी दाबलेलं असू द्या, वरच्या कडेला ए पूर्ण दाबा. झेंड्याच्या खांबाच्या टोकाला हात लागला तर ५००० गुण मिळतात, बुंध्याशी लागला तर १००. खांबाला शिवताना घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तितकेच फटाके उडतात, प्रत्येकी ५०० गुणांचे. लहान पोट्ट्यांना यातच सगळ्यांत जास्त आनंद असतो.

लेव्हल १-२

जमिनीखालची, निळसर विटांची. सुरुवातीलाच पाच प्रश्नचिन्हं ओळीत आहेत. पहिल्यात मशरूम आहे, आणि मारिओ आधीच मोठा असेल तर फूल. फुलाने आगीचे गोळे मारता येतात, बी दाबून. पण लक्षात ठेवा, फूलवाल्या मारिओला मार लागला की तो थेट छोटा होतो, मधली पायरी नाही.

इथे घाई नडते. छत खाली आहे, त्यामुळे उडी मारताना डोकं विटेला लागतं, उडी तिथेच संपते आणि मारिओ गुंबाच्या पुढ्यात पडतो. अरुंद जागेत बी सोडून द्या. इथल्या पाइपांतून मात्र मांसाहारी झाड वर-खाली होतं. मारिओ पाइपाला चिकटून किंवा त्याच्यावर उभा असेल तोवर ते बाहेर येत नाही. म्हणून दुरून उडी मारण्याऐवजी ते खाली गेलं की पाइपाला जाऊन चिकटा, मग वर चढा.

शेवटी बाहेर पडण्याच्या पाइपाआधी वर जाणारे पाळणे आहेत. त्यांवर चढून छताच्या उंचीला आलात की उजवीकडे विटांच्या छतावरच उडी मारा. उशीर केला तर पाळणा वर निघून जातो. छतावरून सरळ चालत राहा, खालचा बाहेरचा पाइप मागे सोडा. पुढे खाली एक खोली लागते, तिथे तीन पाइप आहेत: ४, ३ आणि २. हा वॉर्प झोन, म्हणजे त्या त्या आकड्याच्या वर्ल्डला थेट नेणारी जागा. ४ घेतला, आणि पुढे ४-२ मधल्या वेलीवरून चढून तिथल्या वॉर्पने ८ व्या वर्ल्डला गेलात, तर ३२ ऐवजी फक्त ८ लेव्हलमध्ये गेम संपतो. भारनियमनाची वेळ जवळ आली असेल तर हाच रस्ता.

पण हात बसला नसेल तर पहिल्या महिन्यात तिकडे जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ४-१ मध्ये ढगावर बसलेला लाकिटू वरून काटेरी अंडी टाकतो. त्यातून निघणाऱ्या काटेरी प्राण्यांवर उडी मारता येत नाही. तिथे वाचवलेल्या सगळ्या लाइफ दोन मिनिटांत जातात. आधी १-३ आणि १-४ करा.

लेव्हल १-३

वेळ ३००. खाली जमीन नाही, झाडांच्या शेंड्यांवरून जायचं. हिरवं कासव कडेवरून खाली पडतं, लाल कासव कडेला पोचून उलटं फिरतं. इथे लाल आहेत, म्हणजे ते त्याच फांदीवर तुमची वाट बघत राहतं. ते पाठ करून लांब जायला लागलं की उतरा. हलत्या फळीवर उडी मारताना फळी दूर जात असताना नाही, तुमच्याकडे येत असताना मारा. प्रश्नचिन्हाचा ठोकळा एकच आहे, तो सोडू नका, कारण पुढे किल्ला आहे.

लेव्हल १-४

वेळ ३००, खाली लाव्हा. मधून पुन्हा सुरू होण्याची सोय किल्ल्यात नाही. मेलात की दारापासून. ठोकळ्याभोवती आगीचे दांडे घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात. एका ठिकाणी, दांड्याच्या टप्प्याबाहेर, उभं राहून एक पूर्ण फेरा पाहा. दांड्याचं टोक तुमच्या पुढून गेलं की लगेच त्याच्या मागोमाग निघा. दांडा समोरून येताना त्याच्यावरून उडी मारायचा मोह होतो, पण छत खाली असल्याने ती बहुधा फसते.

किल्ल्याच्या शेवटी पुलावर उभा असलेला मोठा शत्रू बाउझर दिसण्याआधीच त्याच्या आगीच्या ज्वाला पडद्याच्या उजव्या कडेतून येऊ लागतात. ज्वाला सरळ रेषेत येते, तेव्हा ती कोणत्या उंचीवर आहे ते पाहून उडी मारा किंवा जमिनीवर थांबा. पुलावर पोचल्यावर तीन उपाय आहेत. फूल असेल तर दुरून ५ गोळे मारा, तो पडतो, आणि त्याच्या जागी एक गुंबा दिसतो, म्हणजे हा खरा बाउझर नव्हताच. फूल नसेल पण मारिओ मोठा असेल तर सरळ त्याच्या अंगावर पळत जा. मार लागून मारिओ छोटा होतो आणि काही क्षण लुकलुकतो. त्या क्षणांत त्याला काही होत नाही, तेवढ्यात आरपार पळून पुलाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या कुऱ्हाडीला शिवा. मारिओ छोटाच असेल तर बाउझर उंच उडाला की बी धरून त्याच्या खालून निसटा. तो जमिनीवर असताना वरून झेप घेणं जास्त धोक्याचं आहे.

कुऱ्हाडीला शिवल्यावर पूल तुटतो, बाउझर लाव्ह्यात पडतो, आणि पलीकडे मशरूमच्या टोपीचा सेवक सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. मग २-१ सुरू होतं.

पुढे कुठेही सगळ्या लाइफ संपून गेम ओव्हर झालं तर रिसेट दाबू नका, यंत्रही बंद करू नका. गेमचं नाव असलेला पडदा आला की ए दाबून धरा आणि मग स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून, तीन लाइफसह, खेळ सुरू होतो. लाइन टिकून असेपर्यंत हे कितीही वेळा करता येतं.