बीपी किती आलं ते नंतर बघू, मोजलं कसं ते आधी विचारा

आमच्या मामी खानापूरकडच्या, वय 62, दंड चांगला भरलेला. मागच्या पावसाळ्यात गुडघा दाखवायला म्हणून बेळगावात एका दवाखान्यात नेलं, बस तुडुंब (बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून बायकांनाच बसायला जागा नाही ही गंमत), उभ्यानं आल्या, वर दोन जिने, आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोवर सिस्टरनं स्वेटरच्या बाहीवरनंच पट्टा गुंडाळला. वेल्क्रो धड चिकटत पण नव्हतं, आणि मशीन चालू असताना "मामी, नातवंडं किती ओ तुम्हाला?" हे चाललेलंच. आकडा आला 168/98. लगेच दोन गोळ्या, कायमच्या.

डॉक्टर वाईट होते असं नाही, बाहेर चाळीस माणसं बसलेली. पण आकडा खरा की खोटा हे ठरवायला डॉक्टर व्हावं लागत नाही, तो कसा काढला ते विचारता आलं पाहिजे.

तर घरी कसं मोजायचं. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. घेण्याआधी शिवणाच्या टेपनं दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर लिहिलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसतो काय बघा, कारण खरी गोम इथंच आहे: पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दिसतं. 2023 साली अमेरिकेत हेच तपासून बघितलं, ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी 5 नं वाढला, आणि ज्यांना त्याहून मोठा लागतो त्यांचा जवळजवळ 20 नं! दवाखान्यात मोठा पट्टा मागायला लाजू नका. सिस्टर कन्नड असतील तर सरळ "दोड्ड कफ ऐतेन्री?" (मोठा पट्टा आहे काय?) विचारायचं, बऱ्याचदा कपाटात असतो, काढत नाहीत एवढंच.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, आणि मिशरी पण नको. हे मुद्दाम सांगतोय, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत आपल्या बायका मिशरीला तंबाखू धरतच नाहीत, दात घासायचं म्हणतात. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. मोजताना बोलायचं नाही, सीरियल बंद. एक मिनिट सोडून दुसऱ्यांदा मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, सगळं वहीत लिहा, आवडलेले आकडेच लिहायचे असं नाही. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ची रेघ धरतात, तीच घरी 135/85 धरायची. पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजून बघा, ज्या हाताला जास्त येतं तोच पुढं धरायचा.

चालू गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. आणि 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखतंय, दम लागतोय, एक बाजू लुळी पडतेय असं असेल तर वही बिही ठेवा, सरळ हॉस्पिटल गाठा.

बीएमआयचं (वजन आणि उंचीवरनं काढलेला आकडा) पण तसंच. हे सूत्र 1830 च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन माणसानं काढलं, तो डॉक्टर नव्हे, आकडेशास्त्राचा माणूस. तालमीतल्या पैलवानाला ते लठ्ठ ठरवतं आणि पोट सुटलेल्या बारीक हातापायाच्या साहेबाला पास करतं. आपल्याकडं 25 ऐवजी 23 पासूनच वजन जास्त धरतात, शिवाय कंबर मोजा, पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांची 80 च्या.

लॅबच्या रिपोर्टमध्ये जाड अक्षरात काही दिसलं की आपली झोप उडते. ती नॉर्मल रेंज बहुतेक वेळा धडधाकट लोकांतल्या शंभरातल्या 95 जणांवरून ठरवलेली असते, म्हणजे 20 टेस्टचं पॅकेज केलं तर चांगल्या माणसाची पण सरासरी एखादी बाहेर जाते. बेळगावचा रिपोर्ट मिरजेच्या रिपोर्टशी ताडताना रेंज आधी बघा, दोन लॅबची वेगळी असू शकते. आणि तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी, काढली असेल तर हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा, लोह कमी असलं तर ती शुगर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते.

मामींचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांना विचारूनच आठवडाभर थांबलो होतो, सरासरी आली 138/84, म्हणजे बीपी आहेच, 168 मात्र नाही. डॉक्टरांनी वही उलटून बघितली, दोनातली एक गोळी खोडली, महिन्यानं परत वही घेऊन या म्हणाले. मिशरी काय मामी सोडत नाहीत, पण मोजायच्या अर्धा तास आधी डबी आपणहून माझ्या हातात देतात.