‘फर्मेंटर पाहिलाय’ ते ‘फर्मेंटर चालवलाय’: पुण्यात बायोप्रोसेसचं ट्रेनिंग घेणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकमध्ये एम.एस्सी. झालेलं कुणी ना कुणी दर जूनमध्ये विचारतंच, ‘ताई, आता पुढे काय?’ पुण्यात बायोप्रोसेसच्या, म्हणजे सूक्ष्मजीव किंवा पेशी वाढवून त्यांच्यापासून औषधं-लसी बनवण्याच्या, कामाला तोटा नाही. पिंपरीत १९५४ सालीच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. हडपसरला लसी बनवणारी सीरम आहे, हिंजवडीला जेनोव्हा ही औषध कंपनी, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पण मुलाखतीत फर्मेंटरबद्दल, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या भांड्याबद्दल, पहिलाच प्रश्न येतो, ‘फर्मेंटर चालवलाय का?’ आणि आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर असतं, ‘कॉलेजात पाहिलाय.’ हे अंतर भरून काढायला ट्रेनिंग लागतं. मीही त्याच वाटेने आले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक फाटा समजून घ्या. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. ती मळी, यीस्ट आणि डिस्टिलेशनची दुनिया आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जायचं असेल तर तीच वाट धरा, ती कमी प्रतीची वगैरे मुळीच नाही. मी पुढे लिहितेय ते औषधी प्रथिनं, एन्झाइम, लसी यांच्या बाजूचं.

ट्रेनिंगला येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना अपस्ट्रीम, म्हणजे पेशी वाढवण्याचं काम, हवं असतं. साहजिक आहे, तिथे काहीतरी जिवंत वाढताना दिसतं. पहिला दिवस मात्र धुण्यात आणि जोडण्यात जातो. ओ-रिंग तपासा, एअर फिल्टर लावा, पीएच प्रोब (आम्लता मोजणारा सेन्सर) ७ आणि ४ च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करून मगच भांड्यात बसवा. एकदा १२१ अंशांवर निर्जंतुक झालं की तो बाहेर काढून बघायची सोय नसते. डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, मोजणाऱ्या प्रोबचं उलट. त्याचा १०० टक्क्यांचा बिंदू निर्जंतुकीकरणानंतर, तापमान, हवा आणि ढवळणी ठरल्याप्रमाणे स्थिर झाल्यावर लावायचा. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण बॅचचा पुढचा सगळा डेटा त्यावर उभा असतो.

खरी मजा इ. कोलाय या जिवाणूच्या फेड-बॅचमध्ये, म्हणजे थोडं थोडं खाद्य घालत वाढवण्यात, आहे. पेशी वाढतात तशी स्क्रीनवरची डीओची रेष उतरत जाते. ३० टक्क्यांचा सेट पॉइंट असेल तर तिथे टेकल्यावर ढवळणीचा वेग आपोआप चढायला लागतो, मग हवा, गरज पडली तर शुद्ध ऑक्सिजन. आणि मध्येच ती रेष सरळ वर उसळते. नवख्याला वाटतं प्रोब गेला. प्रत्यक्षात ग्लुकोज संपलेलं असतं. खायला नाही म्हणून पेशींचा श्वास मंदावतो आणि ऑक्सिजन शिल्लक राहायला लागतो. तिथून फीड सुरू करायचं, तेही बेताने. घाईने जास्त ग्लुकोज दिलं की पेशी अॅसिटेट बनवत बसतात आणि वाढ खुंटते. ही उसळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्याला फेड-बॅच वेगळी शिकवावी लागत नाही.

आता माझं ठाम मत. नुसतं फर्मेंटेशन शिकवणारं ट्रेनिंग घेऊ नका. जो ब्रॉथ (पेशी वाढलेलं द्रावण) तुम्ही वाढवलात तोच प्रथिन शुद्ध करणाऱ्या शेवटच्या कॉलमपर्यंत नेणारं घ्या. फेस चढला की हात अँटीफोमकडे जातो, चार थेंब जास्त पडले तरी अपस्ट्रीमवाल्याला फारसं काही वाटत नाही. ऑक्सिजन विरघळण्याचा वेग जरा घसरतो, इतकंच. पण तेच अँटीफोम पुढे टीएफएफच्या, म्हणजे द्रव पडद्यालगत वाहवून गाळण्याच्या यंत्रणेच्या, मेंब्रेनवर बसतं आणि गाळण्याचा वेग पडतो. हार्वेस्टला, म्हणजे वाढ थांबवून ब्रॉथ काढून घ्यायला, उशीर केला, पेशी फुटल्या, की त्यांचा डीएनए बाहेर येऊन सगळं चिकट होतं. मग डाउनस्ट्रीमची, म्हणजे पुढे शुद्धीकरण करणारी, माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतात, आणि बरोबरच करतात!

शिवाय पैसा डाउनस्ट्रीममध्येच जास्त जातो. बऱ्याच रिकॉम्बिनंट (जनुक बदललेल्या पेशींकडून बनवून घेतलेल्या) प्रथिनांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक उत्पादनखर्च शुद्धीकरणाचा असतो. हिशोब करून बघा: पाच टप्पे, प्रत्येकात ९० टक्के उतारा, म्हणजे हातात उरतं ५९ टक्के. म्हणून लोड (कॉलमवर घातलेलं), फ्लो-थ्रू (न चिकटता निघून गेलेलं), वॉश (धुवण), इल्यूशन (शेवटी सोडवून घेतलेलं) या प्रत्येकाचा नमुना ठेवायचा, आणि टेस्टिंगचा निकाल येईपर्यंत काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. प्रथिन कॉलमला चिकटलंच नसेल तर ते फ्लो-थ्रूमध्येच सापडतं. बफर बनवताना पीएचइतकंच कंडक्टिव्हिटीकडेही (विद्युतवाहकतेकडेही, तिच्यावरून मिठाचं प्रमाण कळतं) बघा. आयन एक्स्चेंजवर, म्हणजे विद्युतभाराने प्रथिन धरणाऱ्या कॉलमवर, मिठाचं प्रमाण चुकलं की प्रथिन असंच न चिकटता निघून जातं.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांना येतो. पण बीएमआर, म्हणजे बॅचची नोंदवही, भरता येणारा फ्रेशर सुपरवायझरला सोन्यासारखा वाटतो. काम झालं की त्याच क्षणी नोंद. चुकलं तर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता यायला हवा, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर तर मुळीच नाही. ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नसतील तर समजा की ते कॉलेजचं प्रॅक्टिकलच आहे, फक्त फी जास्त.

फी भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन लॅब बघा आणि तोंडावर विचारा: एका फर्मेंटरवर किती जण? रन रात्रीही चालतो का, आणि रात्री सँपल कोण काढतं? क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलमवरचं शुद्धीकरण, पंप आणि यूव्ही डिटेक्टर असलेल्या सिस्टीमवर आहे की स्टँडला लावलेल्या काचेच्या कॉलमवर? ‘डेमो दाखवतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. प्लेसमेंटच्या पोस्टरवरचे हसरे चेहरे बघण्यापेक्षा तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाला गाठा.

घरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: या कामात शिफ्ट असतात. बॅच रविवार, दिवाळी काही बघत नाही. मुलींच्या घरून यावर हमखास वाद होतो, तेव्हा कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते का, हे एचआरला न लाजता विचारा. रात्रपाळीत जुने ऑपरेटर निवांत भेटतात. पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या या काकांकडून मी व्हॉल्व्ह आणि स्टीम ट्रॅपबद्दल जे शिकले, ते कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

मुलाखतीला जाताना ट्रेनिंगमधल्या तुमच्या रनचा आलेख सोबत ठेवा, संस्थेची परवानगी घेऊन. डीओ कुठे उसळला, फीड कधी लावलं, ओडी (गढूळपणावरून पेशींच्या वाढीचं माप) कुठे थांबला, प्रत्येक टप्प्यावर उतारा किती, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मात्र आधी कुठे नोकरी किंवा इंटर्नशिप केली असेल तर तिथला डेटा फोनमध्ये नेऊन दाखवू नका. समोरचा लगेच विचार करतो, उद्या हा आमचाही दाखवेल.