छोट्या टीमला बोलणं-वागणं शिकवताना या चुका टाळा

मुंबईतल्या लोहार चाळीतलं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान असो की मरोळच्या गाळ्यातलं आठ जणांचं युनिट, मालकाची तक्रार एकच: "पोरं कामाला चोख आहेत, पण बोलायचं कळत नाही." मग रविवारी ट्रेनर बोलावून दिवसभराची कार्यशाळा होते. पहिली चूक इथेच होते. एकुलती सुट्टी गेली, त्यात लोकलचा मेगाब्लॉक. ऐकायची कोणाची इच्छा असणार? शिवाय उजळणी नसेल तर शिकलेलं सुरुवातीलाच सर्वात वेगाने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं. त्यापेक्षा दुकान उघडल्यावर रोज दहा मिनिटं द्या आणि महिनाभर एकच सवय धरा.

सुरुवात तक्रारीच्या फोनपासून करा. ठाण्याचं गिऱ्हाईक म्हणतं, "माल अजून आला नाही." उत्तर येतं, "बघतो, सांगतो." कोण बघणार, कधी सांगणार, काहीच कळत नाही, म्हणून माणूस पुन्हा फोन करतो आणि या वेळी चिडलेला असतो. सरावाला तिघं लागतात: एक गिऱ्हाईक, एक फोन घेणारा, एक नुसता ऐकणारा. समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचं, मध्येच "नाही हो" नको. चलन नंबर आणि पत्ता परत म्हणून दाखवायचा. मग आपलं नाव आणि वेळ सांगायची: "टेम्पोवाल्याला विचारून चारपर्यंत फोन करतो." चार वाजता टेम्पोचा पत्ता नसला तरी फोन जायलाच हवा. बहुतेक जण इथेच कच खातात, कारण वाईट बातमी द्यायला जीभ रेटत नाही. म्हणून ती वेळ वहीत लिहायला लावा. मग भूमिका बदलून पुन्हा.

"नीट बोल", "जरा प्रोफेशनल राहा" अशा सूचनांनी काही होत नाही. जे दिसलं तेच सांगा: "मघाशी ताईंनी दर विचारला तेव्हा तू मोबाइलमधून मान वर केली नाहीस." हे त्याच दिवशी आणि एकट्याला सांगायचं, गिऱ्हाइकासमोर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीच नाही. गाळ्यात आडोसा नसतो, मग चहाच्या टपरीपर्यंत चालत जा.

गप्प राहणाऱ्याला आत्मविश्वास नाही, असं ठरवून मोकळं होऊ नका. घरी भोजपुरी बोलणारा मुलगा मराठी किंवा इंग्रजीत अडखळतो. त्याला आधी हिंदीत सराव करू द्या. बदलापूर-विरारहून येणाऱ्यांना लेट गाडीवरून झापण्यातही अर्थ नाही. त्यांच्याकडून मेसेज मागा: कुठे आहे, किती वाजता पोहोचेन, तोवर कोणतं काम अडेल.

हे सगळं शिकवून मालकच पुरवठादारावर फोनवर ओरडत असेल, तर पोरं तेच उचलतात. त्या दहा मिनिटांत मालकानेही फोन घेणाऱ्याची भूमिका करावी आणि चुका पोरांना काढू द्याव्यात.

फरक पडतोय का, हे वहीच सांगेल. एकाच तक्रारीसाठी गिऱ्हाइकाचा दुसरा फोन आला की फुली मारा आणि दर शनिवारी फुल्या मोजा.