ओळीचा कर्ता प्रोग्रामने कसा ओळखावा
पणजी-मडगाव बसच्या वेळापत्रकाच्या फायलीतील कोणती ओळ कोणी बदलली, हे प्रोग्रामकडून वाचून घ्यायचे असल्यास ‘गिट ब्लेम’ला (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ची, प्रत्येक ओळीचा कर्ता दाखवणारी आज्ञा) ‘--पोर्सेलिन’ (--porcelain) हा पर्याय जोडावा. प्रत्येक नोंद सहसा ४० अक्षरांच्या हॅशने, म्हणजे कमिटच्या (गिटमध्ये जतन केलेल्या बदलाच्या) ओळख-संकेताने सुरू होते. त्यापुढे मूळ व सध्याचा ओळक्रमांक येतो, आणि गटाच्या पहिल्या ओळीवर गटातील ओळींची संख्याही असते. खुद्द मजकुराआधी टॅब असतो. तिथे नोंद संपली असे मानावे. लेखकाचे नाव व वेळ मात्र त्या कमिटच्या पहिल्या उल्लेखापाशी एकदाच छापली जातात. माझी पहिली स्क्रिप्ट इथेच फसली आणि फोंड्याच्या फेऱ्या निनावी राहिल्या. म्हणून हॅशनुसार तपशील साठवावा, किंवा कंटाळा असेल तर प्रत्येक ओळीला पूर्ण तपशील देणारा ‘--लाइन-पोर्सेलिन’ (--line-porcelain) वापरावा. वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत येते. स्थानिक घड्याळासाठी तिच्यात +०५३०, म्हणजे साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळवावेत.