सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणतो? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

मारुती ८००, पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा कार्बोरेटरवाली कुठलीही जुनी गाडी सकाळी दारात अडून बसली की शेजारचे चार जण जमतात आणि चौघंही एका सुरात सांगतात, “बॅटरी गेली.” ऐकू नका. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि चावी फिरवून सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, आवाज ऐका.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीशी भांडू नका. पावसाळ्यात प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोलचा वास मारत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय: चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायचा दांडा) आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओता म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. एक बॅकफायर झाला की भुवया जातात.

आता खरी मेख. सेल्फ रडतखडत फिरतो, किंवा नुसतं ‘टक्’ करून गप्प बसतो.

साधा मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली कोसळला तर शेजारी बरोबर होते.

माझा आकडा कोसळतच नव्हता. तरी मी गॅरेजवाल्याचं ऐकून नवी बॅटरी घातली. मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन (आतले घासून झिजणारे ब्रश) बदलले. चार दिवस गाडी छान चालली आणि पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. वैतागून चोक ओढायला गेलो तर त्याचा दांडा चटका बसेल इतका तापलेला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून सेल्फने ओढलेला करंट इंजिनातून बॅटरीकडे परत जायला अर्थिंगची जाड पट्टी किंवा केबल असते. तिचं टोक गंजलं की करंट सापडेल त्या वाटेने पळतो, आणि माझ्याकडे ती वाट चोकची केबल होती. हेडलाइटचं अर्थिंग बॉडीला, त्यामुळे दिवे झगझगीत. म्हणूनच सगळे फसतात.

खात्री करायची तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द पोलच्या शिशावर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर चोर सापडला. मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर निगेटिव्ह पोलपासून थेट इंजिनला लावा. पंखा आणि बेल्टपासून लांब. सेल्फ लगेच खणखणीत फिरला तर दुसरं काही शोधू नका.

पट्टी सोडवताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, बसवताना शेवटी लावा. दोन्ही टोकं आणि त्यांच्या खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा. नुसता बोल्ट आवळून काही होत नाही, मी आवळून पाहिलाय. वायर आतून हिरवी पडली असेल तर सरळ नवी घ्या, महाग नसते. बॅटरीच्या क्लॅम्पवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, क्लॅम्पची आतली बाजूही खरवडा. क्लॅम्प सैल म्हणून मध्ये खिळा ठोकायची गावठी युक्ती मात्र करू नका. तिथेच ठिणगी उडते, आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. व्हॅसलीन सगळं आवळून झाल्यावर वरून फासा.

सगळं जमलं की चोक दोन-तीनदा आत-बाहेर करून बघा. केबलचं आवरण आत वितळलं असेल तर ती अडकते. माझी अडकली होती, म्हणून ती पण बदलावी लागली.